फ्लॅशबल्ब पेटतो, पण निगेटिव्ह जवळजवळ कोरी (कॅमेरा: यॅशिका मॅट १२४जी)

टीएलआरवेडा: मंडळी, एकदाच पेटणारे एम३बी फ्लॅशबल्ब, पंख्यासारखा उलगडणारा रिफ्लेक्टर असलेली फ्लॅशगन. शटर १/१२५, सिंक लीव्हर (फ्लॅश आणि शटरची वेळ जुळवणारा) एक्सवर. बल्ब लख्ख पेटतो, फिल्मवर मात्र काही उमटत नाही. चार-पाचांतला एखादा पेटतही नाही. गनला लागणारा २२.५ व्होल्टचा सेल आता कुठे मिळणार? आणि ॲपर्चर (लेन्सचं छिद्र) किती ठेवायचं ते कसं ठरवायचं?

अंधारखोली: लीव्हर एमवर घ्या. एक्सवर शटर पूर्ण उघडल्या क्षणी कॉन्टॅक्ट जुळतो. इलेक्ट्रॉनिक फ्लॅशला ते चालतं. एम वर्गाच्या बल्बचा उजेड मात्र भरात यायला साधारण २० मिलिसेकंद घेतो आणि १/१२५ म्हणजे जेमतेम ८. बल्ब रंगात येईतो शटर मिटलेलं असतं. एमवर कॉन्टॅक्ट आधी जुळतो, पाती मागाहून उघडतात. एक्सवरच ठेवायचं तर १/३० किंवा त्याहून हळू. काम झालं की लीव्हर परत एक्सवर आणा. एमवर इलेक्ट्रॉनिक फ्लॅश लावलात तर फ्रेम हमखास कोरी.

झारणवाला: न पेटणाऱ्या बल्बांत बहुतेकदा दोष बुडाच्या झारणाचा (सोल्डरचा) असतो. त्यावर राखाडी थर चढतो. खोडरबराने घासा, सॉकेटची पत्तीही घासा. (जुने फोटोग्राफर बूड जिभेला लावून बल्ब बसवायचे ते याचसाठी.)

सेलच्या जागी १२ व्होल्टचे दोन छोटे ए२३ सेल सिरीजमध्ये, शेजारी शेजारी ठेवून वायरने जोडा. एकापुढे एक ठेवले तर लांबीत बसत नाहीत. बल्ब पेटवतो तो कपॅसिटर (वीज साठवणारा भाग), सेल नुसता त्याला भरतो. तो कपॅसिटर इतक्या वर्षांत सुकलेला असणारच. जुन्यावर लिहिलेल्या मूल्याचाच, बहुधा १०० मायक्रोफॅरड, ३५ व्होल्टचा नवा टाका. प्लस-मायनस उलटं करू नका. रेझिस्टर काढू नका, तो सेलचा करंट आवरतो. बऱ्याच गनमध्ये बल्ब बसवल्यावरच चार्जिंग सुरू होतं, तेव्हा बसवून दोन-तीन सेकंद थांबा.

अंधारखोली: ॲपर्चरसाठी पाकिटावरचा गाइड नंबर (बल्बच्या उजेडाचा आकडा) भागिले अंतर. समजा मीटरमध्ये ३२ आहे आणि माणूस ४ मीटरवर, तर एफ/८. आकडा कुठल्या फिल्म स्पीडचा आणि कुठल्या शटरचा ते नीट बघा. फिल्म चौपट वेगाची असेल तर गाइड नंबर दुप्पट. १/५०० वर उजेडाचा बराच भाग कापला जातो, तिथे आकडा खाली येतो.

टीएलआरवेडा: आभार. दोन बल्बांत आत गुलाबी ठिपका दिसतोय, बाकीच्यांत निळा.

झारणवाला: ते दोन वापरू नका! निळा ठिपका गुलाबी झाला म्हणजे आत दमट हवा शिरली, असा बल्ब फुटू शकतो. चांगल्या बल्बचीही काच पेटताना तडकते, वरच्या लॅकरच्या लेपामुळे तुकडे धरून राहतात. लॅकर सोललेला असेल तर तोही बाद. पेटलेला बल्ब लगेच हाताने काढू नका, गनचं इजेक्ट बटण दाबा, तेही खाली कोणाचा हात-पाय नाही ना बघून.

टीएलआरवेडा: दोन्ही बाजूला काढले. कपॅसिटर उद्या आणतो.