उत्तर: बोलेक्सवर रात्रीचं एक्स्पोजर

बोलेक्स या १६ मिमी फिल्म कॅमेऱ्यावर एक्स्पोजरची वेळ १/६५ सेकंद धरायची की १/८०, असा प्रश्नात घोळ झालाय. एच-१६ रिफ्लेक्सचं शटर १३३ अंशांचं, म्हणून सेकंदाला २४ फ्रेमच्या वेगाला १३३ ÷ (३६० × २४), म्हणजे १/६५ सेकंद. लेन्समागचा प्रिझम थोडा प्रकाश व्ह्यूफाइंडरकडे वळवतो, म्हणून प्रकाश मोजायच्या मीटरवर १/८० लावायचं.

'टी'वर (हवा तितका वेळ शटर उघडं ठेवून एकेक फ्रेम घ्यायची सेटिंग) मात्र शटरचा कोन विसरा. प्रिझमची तूट तेवढी भरा. मीटर एफ/१.४ ला १/५ सेकंद सांगत असेल तर सव्वापट, म्हणजे १/४. छिद्र लहान करून एफ/४ हवा असेल तर तीन स्टॉप, म्हणजे वेळ तीनदा दुप्पट: २ सेकंद. एक सेकंदापुढे फिल्मची प्रकाश टिपण्याची क्षमता मंदावते, म्हणून ३ आणि ४ सेकंदांच्याही फ्रेम घ्या. निगेटिव्हला जास्त प्रकाश चालतो, कमी नाही. आणि आयपीस (व्ह्यूफाइंडरला डोळा लावतो ती जागा) बंद करा, नाहीतर मागून शिरलेला उजेड फ्रेम धुरकट करतो. हे हमखास विसरलं जातं.