एका विभागाने शोधलेली चांगली पद्धत बाकीच्यांपर्यंत कशी पोहोचवावी?

प्रश्न – संसर्ग नियंत्रण परिचारिका, परळ
मुंबईभर शाखा असलेल्या एका मोठ्या रुग्णालयात मी काम करते. आमच्या एका आयसीयूच्या इन्चार्ज सिस्टरांनी सेंट्रल लाइनच्या (हृदयाजवळच्या मोठ्या शिरेत घातलेल्या नळीच्या) ड्रेसिंगचे सगळे साहित्य एकाच ट्रेमध्ये मांडून ठेवण्याची पद्धत पाडली, त्यामुळे क्लोरहेक्सिडिन हे जंतुनाशक आणण्यासाठी हातमोजे काढून कपाटाकडे जाण्याची वेळ येत नाही. दोन मजले खालच्या आयसीयूला मात्र वर्षभर याचा पत्ताच नव्हता, मग उपनगरांतल्या शाखांना कुठून असणार? व्हॉट्सॲप गट काढून पाहिला, पण त्यावर परिपत्रकांपलीकडे काही येत नाही. सर्वांनी एकमेकांकडून शिकावे, यासाठी काय करावे?

उत्तर – निवृत्त मेट्रन, दादर
सिस्टर, सुरुवातीला सगळ्यांना भेडसावणारी एकच समस्या धरा. अमेरिकेतील मिशिगन राज्यात २००४ साली शंभराहून अधिक आयसीयू लाइनच्या संसर्गाविरुद्ध एकत्र आले. हात धुण्यापासून गरज नसलेली लाइन काढण्यापर्यंत पाचच गोष्टी त्यांनी पाळल्या, आणि दर हजार लाइन-दिवसांमागे (एका रुग्णाला एक दिवस लाइन असणे म्हणजे एक लाइन-दिवस) २.७ असलेला संसर्गाचा मध्यक, म्हणजे सगळ्या आयसीयूंमधला मधला आकडा, तीन महिन्यांत शून्यावर आला. यादीइतकेच महत्त्वाचे होते ते हे, की पायरी चुकल्यास डॉक्टरांना थांबवण्याची मुभा परिचारिकेला होती आणि प्रत्येक विभागाचे आकडे त्याच विभागाला परत मिळत होते.

उत्तर – फिजिशियन, शीव
एकमेकांकडून शिकणाऱ्या विभागांचे जाळे म्हणजे मुख्यालयाचे व्याख्यान नव्हे. अमेरिकेतील न्यू मेक्सिको राज्यात २००३ साली डॉ. संजीव अरोरा यांनी सुरू केलेल्या ‘प्रोजेक्ट एको’मध्ये लहान गावांतले डॉक्टर दर आठवड्याला हिपॅटायटिस सीचे आपले रुग्ण व्हिडिओवर मांडत आणि तज्ज्ञांसह सगळे मिळून उपचार ठरवत. आपल्याकडे टाटा मेमोरियलच्या पुढाकाराने २०१२ पासून चालणारे नॅशनल कॅन्सर ग्रिड हे कर्करोग रुग्णालयांचे जाळेही आहे. रात्रपाळी करून बोरिवलीला निघालेल्या सिस्टरांना मात्र बैठकीसाठी परळला बोलावू नका. दुपारी पाळी बदलताना दोन्ही पाळ्या हजर असतात, तेव्हाची वीस मिनिटे पुरतात.

उत्तर – वरिष्ठ परिचारिका, ठाणे
वरील दोन्ही सूचना मान्य आहेत, पण त्याआधी व्यवस्थापनाकडून लेखी घ्या की इथे सांगितलेली चूक कोणाच्याही गोपनीय अहवालात जाणार नाही. माझ्या जुन्या रुग्णालयात एका मुलीने अशाच बैठकीत औषधाच्या मात्रेची आपली चूक प्रामाणिकपणे सांगितली आणि दुसऱ्याच दिवशी तिच्या हाती मेमो पडला. त्यानंतर त्या बैठकीत कोणीही तोंड उघडले नाही.

प्रश्नकर्ती
मेमोचा मुद्दा माझ्या लक्षातच आला नव्हता. आधी ते पत्र मिळवते, मग दोन्ही आयसीयूंच्या सिस्टरांना तो ट्रे समोर ठेवूनच भेटवते.