काखेतल्या ग्रंथी काढल्यावर घरी द्यायच्या पत्रकात काय ठेवावं, काय काढावं?

सोनकी

स्तनाच्या कॅन्सरची शस्त्रक्रिया होऊन घरी निघालेल्या बायकांच्या हातात द्यायचं एक पानी पत्रक नव्याने लिहायचं आहे. जुन्या पत्रकातली जवळजवळ प्रत्येक ओळ 'नका'ने संपते. त्या हातावर बीपी मोजू देऊ नका, सुई टोचू देऊ नका, एक किलोच्या वर काही उचलू नका, स्लीव्ह (हातावर दाब देणारी घट्ट बाही) घातल्याशिवाय विमानात बसू नका, हात खांद्याच्या वर नेऊ नका. हे सगळं कधीपर्यंत पाळायचं, ते कुठेच लिहिलेलं नाही. त्यामुळे काही बायका वर्षानुवर्षं हात पोटाशी धरून वावरतात आणि खांदा आखडून बसतो.

म्हणून विचारते:
१. यातल्या कुठल्या सूचना अभ्यासात टिकल्या आहेत?
२. ड्रेन (जखमेतलं पाणी बाहेरच्या फुग्यात ओढून घेणारी नळी) घेऊन घरी जाणाऱ्या बाईला नेमकं काय सांगायचं?
३. लिम्फेडेमाची सूज (ग्रंथी काढल्यावर हातात पाणी साचून येणारी) घरच्या घरी लवकर कशी ओळखायची? सध्या 'हात जड वाटला तर या' एवढंच आहे.
४. पुढची काही वर्षं कोणत्या तपासण्या लागतात आणि कोणत्या लागत नाहीत?

अक्षर लावून वाचणाऱ्या बाईलाही ते समजलं पाहिजे.

कारवी

सूचनांना हात लावण्याआधी एक करा. एका पत्रकाची दोन पत्रकं करा. फक्त सेंटिनल ग्रंथी (कॅन्सर काखेत पसरला तर सगळ्यात आधी जिथे पोचतो त्या एक-दोन ग्रंथी) काढलेली बाई आणि काखेतल्या ग्रंथी पूर्ण काढलेली बाई यांना एकच कागद देणं हीच मुळातली चूक आहे. २०१३ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून काढलेला अंदाज असा: सेंटिनलनंतर साधारण ५.६ टक्के बायकांना हाताची सूज येते, पूर्ण काख साफ केल्यावर १९.९ टक्के. पहिल्या गटाला दुसऱ्या गटाची भीती घालायचं कारण नाही.

आणि पहिला गट आता मोठा होतो आहे. झेड००११ या चाचणीत स्तन वाचवून गाठ काढलेल्या, पुढे पूर्ण स्तनाला रेडिएशन ठरलेल्या आणि एक-दोन सेंटिनल ग्रंथींतच कॅन्सर सापडलेल्या बायका घेतल्या होत्या. त्यातल्या अर्ध्यांची काख पुढे साफ केली, अर्ध्यांची केली नाही. दहा वर्षांनी जिवंत असणाऱ्यांचं प्रमाण काख साफ न केलेल्या गटात ८६.३ टक्के आणि साफ केलेल्या गटात ८३.६ टक्के होतं. म्हणजे काख साफ न केल्याने आयुष्य कमी झालं नाही. ज्यांना काखेवर उपचार लागतोच, त्यांच्यासाठी ॲमारोस चाचणीत शस्त्रक्रियेऐवजी रेडिएशन देऊन पाहिलं, तेव्हा पाच वर्षांनी हातसुजीची लक्षणं २३ टक्क्यांवरून ११ टक्क्यांवर आली. तेव्हा डिस्चार्ज कार्डावर 'किती ग्रंथी काढल्या, किती बाधित होत्या, काखेला रेडिएशन आहे का' या तीन गोष्टी ठळक लिहून द्या. पुढे जी कोणी फिजिओथेरपिस्ट त्या बाईला बघेल, तिला आधी हेच लागतं.

आता तुमच्या सूचना. बीपी, सुई आणि विमान या तिन्ही गोष्टी २०१६ च्या एका अभ्यासात तपासल्या आहेत. ६३२ बायकांच्या हातांचं वेळोवेळी मोजमाप घेतलं. रक्त काढणं, इंजेक्शन, बीपीचा पट्टा, विमानप्रवास यांपैकी कशाचाही सुजेशी संबंध दिसला नाही. संबंध दिसला तो पूर्ण काख साफ करण्याशी, जास्त वजनाशी आणि त्वचेच्या जंतुसंसर्गाशी. म्हणून ओळ अशी करा: 'दुसरा हात मोकळा असेल तर सुई त्या हाताला घ्या. नसेल, तर या हाताला घेतली तरी घाबरू नका. तातडीचा उपचार यासाठी कधीही थांबवू नका.' दोन्ही बाजूंची शस्त्रक्रिया झालेल्या बाईला हे वाक्य फार लागतं, तिला दुसरा हातच नसतो. ज्यांना सूज आधीच आलेली आहे, त्यांनी मात्र तो हात टाळावा.

एक किलोची मर्यादा तर काढूनच टाका. २००९ आणि २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाल चाचण्यांत बायकांनी आठवड्यातून दोनदा वजनं उचलली. सुरुवात अर्ध्या किलोच्या आसपास, लक्षणं नसतील तर हळूहळू वाढ, आणि वरची मर्यादा ठेवलेलीच नव्हती. सूज आधीच असलेल्यांत ती बळावण्याचं प्रमाण व्यायाम न करणाऱ्यांत २९ टक्के होतं, करणाऱ्यांत १४. पाच किंवा जास्त ग्रंथी काढलेल्या, पण सूज नसलेल्या बायकांत नवी सूज न करणाऱ्यांत २२ टक्के, करणाऱ्यांत ७. हात जपून ठेवला की तो दुबळा होतो, आणि मग एक दिवस भरलेली बादली उचलल्यावर त्याच दुबळ्या हातावर एकदम ताण येतो.

खांद्याचं वेळापत्रक तारखांसकट द्या. पहिल्या दिवसापासून मूठ उघडझाप, मनगट, कोपर, दीर्घ श्वास. साधारण पहिला आठवडा हात खांद्याच्या उंचीपर्यंतच, कारण त्याआधी फार ताणलं तर ड्रेनमधून पाणी जास्त येतं. ७ ते १० दिवसांनी ताण देण्याचे व्यायाम, महिन्याभराने हलकी ताकद. प्रॉस्पर चाचणीत याच क्रमाने व्यायाम दिला आणि वर्षाने हाताचं काम चांगलं दिसलं. रेडिएशन असेल तर हे आणखी महत्त्वाचं, कारण त्या टेबलावर हात डोक्यावर ठेवून निजावं लागतं. जिचा हात वर जात नाही, तिचं रेडिएशन लांबतं.

काखेतली तारही लिहा. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात हात वर केला की काखेतून कोपराकडे सुतळीसारखी दोरी ताठ दिसते. ती कॅन्सरची नाही, शिवणही नाही. घाबरून हात बांधून ठेवला की ती आखडते. हळू ताण देत राहिलं की काही आठवड्यांत, क्वचित काही महिन्यांत सुटते.

टाकळा

ड्रेनबद्दल.

घरी नेताना तीन गोष्टी करून घ्या, नुसत्या सांगू नका. पहिली, नळी मोकळी करणं: त्वचेजवळ नळी एका हाताच्या चिमटीत घट्ट धरायची आणि दुसऱ्या हाताच्या बोटांनी फुग्याच्या दिशेने सरकवत न्यायची. त्वचेजवळची चिमटी सोडली तर ओढ टाक्यावर येते, म्हणून ती शेवटपर्यंत सोडायची नाही. दुसरी, रिकामं करणं: दिवसातून दोनदा ठरल्या वेळी, हात धुऊन, मापाच्या भांड्यात. तिसरी गोष्ट बहुतेक वेळा विसरली जाते. झाकण लावण्याआधी फुगा पूर्ण दाबायचा आणि दाबलेला असतानाच झाकण बंद करायचं. फुगलेला फुगा म्हणजे ओढ नाही. मग पाणी आतच साचतं आणि बाई 'पाणी कमी झालं' म्हणून खूश होते.

आकडा एकदम शून्यावर आला तर ती चांगली खूण समजू नका. कालपर्यंत ८० मिली आणि आज ५, याचा अर्थ बहुधा नळीत गुठळी अडकली आहे. नळीभोवतीचं ड्रेसिंग भिजलं असेल तर नक्कीच. खरी घट पायरी-पायरीने होते, रंगही लालवरून गुलाबी आणि मग पिवळसर होतो. २४ तासांत ३० मिलीच्या खाली, सलग दोन दिवस, हा सर्वसाधारण निकष आहे. काही सर्जन २० धरतात, तुमच्याकडे जो असेल तो छापा. दोन-तीन आठवडे उलटूनही आकडा उतरत नसेल तर थांबत बसू नका, सर्जनला विचारा. नळी जितकी जास्त दिवस राहील तितका संसर्गाचा धोका वाढतो.

ड्रेन काढल्यावर काखेत पाण्याचा फुगा येऊ शकतो. छोटा असेल तर आपोआप जिरतो. ताण बसत असेल तर सुईने काढतात, घरी दाबून काढायचा नाही.

दंडाच्या आतल्या बाजूला बधिरपणा येतो, कारण काखेतून जाणारी एक संवेदनेची नस ताणली किंवा कापली गेलेली असते. ही ओळ घालाच: 'त्या जागी गरम पाण्याची पिशवी ठेवू नका.' ही एक मनाई मात्र राहू द्या. भाजलेलं कळत नाही आणि फोड आल्यावरच समजतं.

सोनकी

कारवी, टाकळा, फार उपयोगाचं आहे. सुजेचं मोजमाप राहिलं. शिवणाच्या टेपने घरी मोजता येईल का? आणि दोन हातांत २ सेंटिमीटर फरक म्हणजे सूज, हा नियम लिहू का?

कारवी

टेपने येतं, पण २ सेंटिमीटरचा नियम एकटा लिहू नका. कामाचा हात मुळातच जाड असतो. शस्त्रक्रियेआधी दोन्ही हातांचं माप घेतलेलं नसेल, तर नंतरचा फरक सुजेचा की सवयीचा हे सांगता येत नाही. म्हणून पहिलं माप भरतीच्या दिवशी वॉर्डातच घ्या आणि पत्रकाच्या मागे लिहून द्या.

घरी पाच जागा पुरतात: तळहात, मनगट, कोपराखाली १० सेंटिमीटर, कोपर, कोपरावर १० सेंटिमीटर. टेप टेकलेला हवा, रुतलेला नको. महिन्यातून एकदा, सकाळी, दोन्ही हात. दोन्ही सारखे वाढले तर वजन वाढलं आहे. एकच वाढला तर या.

क्लिनिकमध्ये मनगटापासून दर ४ सेंटिमीटरला मोजून आकारमान काढा. दोन घेरांचे वर्ग आणि त्या दोन घेरांचा गुणाकार यांची बेरीज करा, तिला अंतराने गुणा आणि १२ पायने, म्हणजे ३७.७ने भागा. एका तुकड्याचे घेर २६ आणि २८ असतील तर ६७६ + ७२८ + ७८४ = २१८८, गुणिले ४, भागिले ३७.७, म्हणजे सुमारे २३२ मिली. हाच तुकडा २७ आणि २९ झाला की २५० मिली. १ सेंटिमीटर डोळ्याला दिसतही नाही, पण अख्खा हात तेवढा वाढला तर दीडशे मिलीच्या आसपास पाणी साचलेलं असतं. या टप्प्यावर स्लीव्ह आणि व्यायामाने हात ताब्यात येतो. उशीर झाला, बोट दाबल्यावर खड्डा पडायचाच बंद झाला, की आत चरबी आणि तंतू वाढलेले असतात आणि ते पट्ट्याने दबत नाहीत.

स्लीव्ह मापाचीच घ्या. मनगटाशी काचणारी स्लीव्ह पाणी तळव्यात ढकलते.

आणि हे चौकटीत, लाल शाईत: हात लाल, गरम, दुखरा झाला, ताप आला, तर त्याच दिवशी दवाखाना. उद्यावर ढकलायचं नाही. तोपर्यंत चोळणं, पट्टी बांधणं बंद.

रानजाई

चौथ्या प्रश्नाचं उत्तर सांगायला सोपं आहे, पटवायला अवघड.

पहिली तीन वर्षं दर ३ ते ६ महिन्यांनी डॉक्टरांनी विचारपूस करून हाताने तपासणं, पुढची दोन वर्षं दर ६ ते १२ महिन्यांनी, नंतर वर्षातून एकदा. वर्षाला एक मॅमोग्राम, स्तन वाचवला असेल तर दोन्ही बाजूंचा, काढला असेल तर उरलेल्या बाजूचा. काहीही त्रास नसलेल्या बाईला पेट स्कॅन, हाडांचा स्कॅन, ट्युमर मार्कर (कॅन्सरची खूण शोधणारी रक्ततपासणी) नेमाने लागत नाहीत. १९९४ मध्ये इटलीतल्या दोन मोठ्या चाचण्या प्रसिद्ध झाल्या. एका गटाच्या वारंवार तपासण्या केल्या, दुसऱ्याच्या केल्या नाहीत. जगण्यात फरक पडला नाही. घरच्यांना मात्र हे 'दुर्लक्ष' वाटतं, म्हणून कारण पत्रकातच लिहा आणि त्याखाली कशासाठी लगेच यायचं तेही: व्रणावर किंवा काखेत नवी गाठ, न थांबणारं हाडाचं दुखणं, वाढत जाणारी धाप, न जाणारी डोकेदुखी, कावीळ.

हॉर्मोनच्या गोळीला पत्रकात दोन ओळी तरी द्या. टॅमॉक्सिफेन चालू असताना पाळी थांबलेल्या बाईला अंगावरून रक्त गेलं तर लगेच दाखवायचं. एक पाय सुजून दुखला तरी तसंच, ती रक्ताची गुठळी असू शकते. गरम वाफांसाठी किंवा उदासीसाठी कोणी पॅरॉक्सेटिन किंवा फ्लुऑक्सेटिन लिहून दिलं तर आधी कॅन्सरच्या डॉक्टरांना विचारायचं, कारण टॅमॉक्सिफेनचं शरीरात जे रूपांतर व्हावं लागतं ते या गोळ्या अडवतात. व्हेन्लाफॅक्सिन तिथे चालतं. लेट्रोझोल किंवा ॲनॅस्ट्रोझोल असेल तर सुरुवातीलाच हाडांची घनता मोजायची आणि साधारण दर दोन वर्षांनी पुन्हा.

या गोळ्यांनी सांधे धरतात, सकाळी बोटं वळत नाहीत, आणि बायका न सांगता गोळी बंद करतात. म्हणून एवढं वाक्य मोठ्या अक्षरात छापा: 'गोळीचा त्रास होत असेल तर बंद करण्याआधी फोन करा. गोळी बदलता येते.' आणि त्याखाली वॉर्डाचा चालू असलेला फोन नंबर.