'कर्करोगपूर्व'ला दुसरा शब्द आहे का?

कोपरीकर
काकांच्या प्रोस्टेटच्या बायोप्सीचा रिपोर्ट आला. 'हाय ग्रेड पिन' लिहिलंय. डॉक्टर म्हणाले, प्री-कॅन्सरस आहे, कॅन्सर नाही. मी घरी येऊन 'कर्करोगपूर्व' असं सांगितलं आणि काकांनी ताट सरकवलं. मराठीचे निवृत्त मास्तर ते. "विवाहपूर्व म्हटलं की पुढे लग्न असतंच!" यावर काय बोलणार?

वाशीचा वाचक
काकांचा मुद्दा पटतो. मान्सूनपूर्व, निवडणूकपूर्व, स्वातंत्र्यपूर्व... 'पूर्व' जोडलं की पुढचं ठरलेलंच. 'कर्कसंभव' चालेल?

घंटाळी
मुळीच नको. समासात 'संभव' म्हणजे 'त्यापासून जन्मलेलं'. अर्थ नेमका उलटा होईल.

स्लाइडवाली
नेरुळला लॅबमध्ये आहे, रोज हेच बघते. (पेशंट विचारतात, "मॅडम, पिन आत राहिली का?" टाचणी नव्हे हो. लांबलचक इंग्रजी नावाची ती आद्याक्षरं आहेत, 1987 पासून रूढ झालेली.)
शब्द नंतर, आधी वस्तू बघा. हाय ग्रेड पिनमधली एकेक पेशी कॅन्सरच्या पेशीसारखीच दिसते: केंद्रक मोठं, त्यातला ठिपका ठळक. फरक असतो तो तळाशी. ग्रंथीच्या नळीला बाहेरच्या बाजूने तळपेशींचा एक थर असतो. पिनमध्ये तो टिकून असतो, फार तर मध्येमध्ये तुटलेला. कॅन्सरमध्ये तो नसतोच. म्हणून बारीक सुईने नुसत्या पेशी ओढून घेतल्या तर चेहरे दिसतात, थर दिसत नाही, आणि तेवढ्यावर दोन्ही वेगळे सांगणं अवघड. जाड सुईने अख्खा तुकडा काढतात तो यासाठी. तरी शंका राहिली तर पी-63 किंवा जड केराटिनचा रंग देऊन तळपेशी शोधायच्या. एएमएसीआर नावाचा रंग कॅन्सरमध्ये चढतो, पण पिनमध्येही बऱ्याचदा चढतो. एकट्या त्याच्यावर विसंबू नये.
आणि 'पेशी' म्हणून हिंदी पानांवर शोधू नका, स्नायूंमध्ये जाल. तिकडे 'कोशिका'.

वाशीचा वाचक
म्हणजे वस्तू कॅन्सरच्या आधीची नाही, शेजारची.

स्लाइडवाली
अगदी शेजारची म्हणता येणार नाही. त्या वाटेवरची आहे. पण वाटेवरचा प्रत्येक जण मुक्कामाला पोचतो असं नाही.

कळवा पूर्व
'कर्कप्रवण' म्हणा की. आमच्याकडे पारसिकच्या डोंगराखालच्या वस्त्या 'दरडप्रवण' आहेत. दरड कोसळली असा त्याचा अर्थ कोणी घेत नाही.

घंटाळी
वा! 'प्रवण'चा मूळ अर्थही उताराचा, झुकलेला. 'कर्कप्रवण बदल' मला मान्य. काही जण 'प्री-कॅन्सर'च बोलणार, बोलू देत.

कोपरीकर
काकांना सांगितलं. शब्द दोनदा उच्चारून बघितला, मग म्हणाले, "दरडप्रवणवाल्यांना दर पावसाळ्याआधी नोटीस येते. माझी कधी?" पीएसए, म्हणजे प्रोस्टेटसाठीची रक्ततपासणी, पुन्हा करायची तारीख डॉक्टरांनी दिलीच होती, ती भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहिली. जेवलेसुद्धा.