घरी केलेली लागर बिअर निवळत नाही, काय करावे?

प्रश्न (भुसावळ)
जुन्या फ्रीजला तापमान नियंत्रक जोडून २० लिटर लागर (कमी तापमानाला आंबवून थंडीत मुरवायची बिअर) केली आहे. १२ अंशांवर किण्वन पूर्ण होऊन हायड्रोमीटरचा (द्रवाची घनता मोजणाऱ्या उपकरणाचा) आकडा स्थिरावल्यावर फर्मेंटर (किण्वनाचे भांडे) २ अंशांवर आणला. आठवडाभरात तळाशी जाड साका बसला, तरी ग्लासातली बिअर धुरकटच दिसते. पावसाळ्यात तापीच्या गढूळ पाण्यात आमच्याकडे तुरटी फिरवतात, तशी येथे चालेल काय? घरी सर्व शाकाहारी असल्याने बिअर निवळण्यासाठी घालतात ते प्राणिज जिलेटिन वापरायचे नाही.

उत्तर (धुळे)
तुरटी मुळीच नको, तिची चव बिअरमध्ये उतरेल. आधी धुरकटपणा कशाचा आहे ते ओळखावे. भरलेला ग्लास खोलीच्या तापमानाला येऊ द्या. तेवढ्याने बिअर नितळ झाली, तर माल्टमधील (मोड आणून वाळवलेल्या धान्यातील) प्रथिने आणि पॉलिफिनॉल ही तुरट द्रव्ये थंडीत एकत्र आल्याने दिसणारा तो धुरकटपणा आहे, आणि त्याने चव बिघडत नाही. कोमट होऊनही ती गढूळच राहिली, तर तरंगणारे यीस्ट किंवा साखरेत न उतरलेला स्टार्च यांवर संशय घ्यावा. बाजूला काढलेल्या नमुन्यात आयोडीनचा थेंब टाकून निळा-काळा रंग आला, तर तो स्टार्च असून कितीही थंड ठेवले तरी बसणार नाही.

उत्तर (जळगाव)
एक बाब सांगणे भाग आहे : महाराष्ट्रात परवान्याशिवाय घरी बिअर करणे १९४९ च्या दारूबंदी कायद्यात बसत नाही.
आता मूळ मुद्दा. आठवडा फार थोडा झाला. लागरला शून्य ते दोन अंशांवर चार ते सहा आठवडे द्यावेच लागतात. मात्र थंड करण्यापूर्वी दोन-तीन दिवस १६-१८ अंशांवर ठेवले होते काय? ते राहून गेले असल्यास डायअ‍ॅसिटिल हे किण्वनात तयार होणारे संयुग शिल्लक राहते आणि बिअरला लोण्याचा वास येतो. थोडी बिअर झाकून गरम पाण्यात ६० अंशांवर वीस मिनिटे धरा, मग थंड करून हुंगा. वास आलाच, तर यीस्ट जिवंत आहे तोवर फर्मेंटर पुन्हा कोमट करावा.

प्रश्नकर्ता
लोण्याचा वास नाही, आणि बाहेर ठेवलेला ग्लास स्वच्छ झाला.

उत्तर (धुळे)
मग थांबणे हाच उपाय आहे. घाई असेल, तर प्रथिने धरणारे सिलिका जेल किंवा पॉलिफिनॉल धरणारी पीव्हीपीपी ही कृत्रिम पूड वापरावी, दोन्हींत प्राणिज काही नाही. पुढच्या वेळी उकळीच्या शेवटच्या दहा-पंधरा मिनिटांत समुद्रशेवाळापासूनचे कॅराजिनन घालावे. थंड होताना फर्मेंटर आतल्या बाजूला हवा ओढतो, म्हणून तोपर्यंत झाकण उघडू नये; ऑक्सिजनने आलेला ओल्या पुठ्ठ्याचा वास नंतर कशानेही जात नाही.
बाटल्या भरताना, आत वायू तयार व्हावा म्हणून, लिटरला सुमारे ६ ग्रॅम साखर पुरते. इतके दिवस थंडीत राहिल्यावर यीस्ट बरेचसे खाली बसलेले असते, तेव्हा चिमूटभर ताजे घालावे. त्यानंतर बाटल्यांना दोन आठवडे २० अंशांच्या आसपासची जागा हवी. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये घरात अशी जागा सापडणे कठीण, त्यामुळे फर्मेंटर रिकामा झाला की त्याच फ्रीजचा नियंत्रक २० अंशांवर लावून बाटल्या आत ठेवाव्यात.