आरमॉन अलार्म एकदाच वाजला, नंतर चार दिवस गप्प

काटा_14
मंडळी, डोकं चालेना म्हणून इथे टाकतोय. साखर कारखान्यात नेटवर्क बघतो, गाळप जोरात चालू आहे. वजनकाट्याच्या कॉम्प्युटरची लिंक मधेच जाते, पावती निघत नाही आणि मागे ट्रॅक्टरची रांग लागली की शिव्या मला. स्विच सिस्को 2960, काटा फास्ट इथरनेट 0/14 वर. एरर वाढायला लागले की आधीच कळावं म्हणून आरमॉन (स्विचने स्वतःच काउंटर तपासून इशारा द्यायची सोय) लावलं. इव्हेंट 1 ला लॉग आणि ट्रॅप (सर्व्हरला जाणारा इशारा) दोन्ही, अलार्म 10 ला इफएंट्री.14.10014 म्हणजे काट्याच्या पोर्टचे इनपुट एरर, दर 60 सेकंदाला, अ‍ॅब्सोल्यूट, रायझिंग म्हणजे वरची मर्यादा 50 ला इव्हेंट 1, फॉलिंग म्हणजे खालची 10. पहिल्या दिवशी ट्रॅप आला, मी खूश. त्यानंतर काटा तीनदा बंद पडला पण ट्रॅप एकही नाही. क्लिअर काउंटर्स मारलं, शो इंटरफेसमध्ये शून्य दिसतंय, तरी अलार्म ढिम्म. स्विच गेलाय का?

पॅचपॅनेल_काका
स्विचला काही झालेलं नाही रे, ते अ‍ॅब्सोल्यूट काढ आधी. एररचा काउंटर फक्त चढतो, उतरत नाही. एकदा 50 च्या वर गेला, अलार्म वाजला, आता तो पुन्हा कधी वाजणार तर आकडा आधी फॉलिंगच्या खाली 10 वर आला की, आणि तो तर येणारच नाही. लाईटच्या मीटरचं रीडिंग बघून बिल काढतोयस तू, या महिन्याचं वजा मागच्या महिन्याचं करायला पाहिजे ना, तेच काम डेल्टा करतं. आणि क्लिअर काउंटर्सचं म्हणशील तर ते फक्त तुझ्या स्क्रीनपुरतं, एसएनएमपीचा, म्हणजे आरमॉन बघतं तो, काउंटर त्याने शून्य होत नाही. यात भलेभले फसतात, मी पण फसलोय.

काटा_14
आयला, हे क्लिअर काउंटर्सचं माहीतच नव्हतं. डेल्टा केलं काका, रायझिंग 20 फॉलिंग 0 ठेवलं. दुपारी एक ट्रॅप आला, संध्याकाळी परत लिंक गेली तेव्हा नाही आला.

ट्रॅपवाली
फॉलिंग 0 नका ठेवू. तुमच्या लाईनवर मिनिटाला एकदोन एरर कायमच पडत असतील तर डेल्टा शून्यावर येतच नाही, मग अलार्म परत तयारच होत नाही. 5 ठेवून बघा. दोन आकड्यांत अंतर ठेवायची सोय आहे ती याचसाठी, नाहीतर आकडा 20 च्या आसपास हेलकावे खात राहिला तर रात्रभर ट्रॅपचा पाऊस पडेल. अजून एक, ट्रॅप यूडीपी 162 वर जातो आणि पोचला की नाही हे स्विचला कळत नाही, त्यामुळे "ट्रॅप आला नाही" म्हणजे अलार्म वाजला नाही असं धरू नका. शो आरमॉन इव्हेंट्स मारून लॉग बघा. तिथे नोंद असेल आणि सर्व्हरवर नसेल तर एसएनएमपी होस्ट (ट्रॅप जायचा पत्ता), कम्युनिटी (त्याचा पासवर्ड) आणि मधला फायरवॉल तपासा.

ग्राफप्रेमी
2960 आणि आरमॉन, कुठल्या जमान्यात आहात 😄 झॅबिक्स नाहीतर लिब्रेएनएमएससारखं मॉनिटरिंग सॉफ्टवेअर टाका, छान ग्राफ येतात, विषय संपला.

पॅचपॅनेल_काका
ग्राफ लाव की, कोण नको म्हणतंय. पण सर्व्हरने दर 5 मिनिटांनी आकडे विचारायच्या पोलिंगमध्ये एरर किती झाले ते कळतं, नेमके कुठल्या मिनिटाला झाले ते नाही, आणि याला तेच हवंय. शिवाय स्विचची बाहेरची लाईन म्हणजे अपलिंकच गेली तर तुझा सर्व्हर बाहेर बसून काय पोल करणार? आरमॉन स्विचच्या आतच मोजतं, लॉग तिथेच राहतो, फक्त स्विच रीबूट केला की पुसला जातो.

नेट_रोजगारी
यातच घुसतो, माझा अलार्म गिगाबिट अपलिंकवर ट्रॅफिक 80 टक्के झाला की असा आहे, इफइनऑक्टेट्स (आत आलेले बाइट्स), 60 सेकंद डेल्टा, आकडे काहीही येतात.

ट्रॅपवाली
येणारच. तो काउंटर 32 बिटचा, गिगाबिट फुल चालली की साधारण 34 सेकंदात गुंडाळून परत शून्यापासून सुरू होतो. तुम्ही 60 ला बघताय. इंटरव्हल 10 सेकंद करा. 10 सेकंदात 100 टक्के म्हणजे 125 कोटी बाइट्स, तुमचे 80 टक्के बरोबर 100 कोटी. थ्रेशोल्डला 2147483647 च्या वर आकडा घेतच नाही, त्यात हे बसतं.

काटा_14
फॉलिंग 5 केलं आणि चमत्कार, दोन दिवसांत 9 ट्रॅप. स्विचच्या लॉगमधली वेळ म्हणजे चालू होऊन किती तास झाले एवढंच, म्हणून सर्व्हरवर ट्रॅप पोचल्याच्या वेळा लिहून काढल्या आणि गव्हाणीवरच्या (ऊस टाकतात तिथल्या) माणसाकडे गेलो. तो वहीत मोटर बंद-चालू केल्याच्या वेळा लिहितो. 9 पैकी 8 जुळल्या!! मोटर चालू झाली की मिनिटभरात एरर. केबल बघितली तर आमच्या कॉपरने काट्यापर्यंत मोटरच्या पॉवर केबलच्याच ट्रेमधून प्रवास केलाय, कोणी टाकली देव जाणे (माझ्या आधीची आहे, शपथ).

पॅचपॅनेल_काका
फायबर टाक तेवढ्या पट्ट्यात, दोन मीडिया कन्व्हर्टर (कॉपर आणि फायबर जोडणारे डबे) लागतील. आणि तो नववा कुठला?

काटा_14
नववा बहुतेक मीच, पॅचकॉर्ड हलवून बघत होतो तेव्हाचा. फायबरची मागणी पर्चेसला दिली आहे, ते म्हणतात हंगाम संपल्यावर बघू. तोवर दुसऱ्या बाजूच्या भिंतीवरून तात्पुरती केबल ओढतो उद्या.