मदत हवी आहे: धामापूरच्या तळ्यावर आईसोबत एक निवांत दिवस

नमस्कार मंडळी,

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात कुडाळला मामेभावाच्या मुलाचं लग्न आहे. लग्नानंतरचा अख्खा दिवस मोकळा ठेवलाय, आणि तो फक्त धामापूरच्या तळ्यासाठी. सोबत आई. वय 71, उजव्या गुडघ्याच्या ऑपरेशनला दीड वर्ष झालं. सपाटीवर रमतगमत चालते, वीसेक मिनिटांनी टेकायला जागा लागते. चढाचं काही नाही, उतार आला की माझा दंड घट्ट धरते.

हे खूळ शिरलं कसं तेही सांगते. मावसभाऊ स्वित्झर्लंडला जाऊन आला. तिथे कांडरस्टेग गावाच्या वर, 1578 मीटरवर ओशिनेन नावाचं तळं आहे. रोपवेच्या पाळण्यात बसून वर जायचं आणि काठाकाठाने भटकायचं. त्याने घरच्या ग्रुपवर फोटोंचा रतीबच घातला. हिरवंनिळं पाणी, मागे सरळ उभे कडे. आईने चष्मा लावून एकेक फोटो मोठा करून पाहिला आणि म्हणाली, "तळा बरा आसा. पण देवूळ खंय?"

तिचं माहेर काळसे. लहानपणी धामापूरला चालत जायची. त्या फोटोंपासून "एकदा आपल्या तळ्याक फेरी मारूया" हा जप सुरू आहे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: कुडाळहून मालवणकडे निघालं की नेरूरपारचा पूल, मग काळसे, मग धामापूर. तळं 1530 सालचं, विजयनगरचे मांडलिक नागेश देसाई यांनी बांधलेलं. 2020 मध्ये त्याला जागतिक वारसा सिंचन वास्तूचा मानही मिळाला. काठावर भगवतीचं देऊळ. आणि ती दागिन्यांची गोष्ट. लग्नघरातल्यांनी फुलांचे दागिने करून परडीत ठेवायचे, परडी पाण्यात सोडायची, ती सोन्याचे दागिने घेऊन वर यायची. कार्य उरकलं की दागिने परत. पुढे कुणीतरी परत केले नाहीत आणि ते बंद झालं. आई ही गोष्ट सांगताना दर वेळी "ते आमच्यातले नव्हेत हां" हे न विसरता जोडते.

तीन वर्षांपूर्वी एका टूरवाल्याच्या गाडीतून आलो होतो. एका दिवसात सिंधुदुर्ग किल्ला, तारकर्ली, देवबाग. आई तिन्ही ठिकाणी गाडीतच बसून राहिली. धामापूर "वाटेत दाखवतो" म्हणाला आणि खरोखरच खिडकीतून दाखवलं! तेव्हा कृपया "सोबत हेही करून घ्या" अशा याद्या देऊ नका.

मला एवढंच हवंय: तिला तळ्याला पूर्ण फेरी मारता येईल का? कुडाळहून रिक्षा परवडेल की एसटी बरी? आणि जेवणाचं काय करावं?

---

प्रतिसाद १

फेरीचं डोक्यातून काढून टाका. ते तळं आपोआप झालेलं नाही. दोन डोंगरांमधल्या घळीला बांध घालून पाणी अडवलंय. म्हणजे सपाटी मिळणार ती बांधाच्या अंगाला. बाकी काठ म्हणजे झाडीसकट पाण्यात उतरलेला डोंगर. तुमच्या आईंना नेमका उतारच नको आहे.

बांधावरून जा, त्याच वाटेने परत या. परतताना उजेड बदललेला असतो, त्यामुळे तीच वाट दोनदा चालल्यासारखी वाटत नाही. सकाळी लवकर पोचा. डिसेंबर असला तरी दहानंतर ऊन चटके देतं.

प्रतिसाद २

आवशीक खुशाल घेवन येवा. पावसात जांभ्यार शेवाळ धरता, तेव्हा मी कोणाक येवा म्हणूचंय नाय. डिसेंबरात सुकलेला असता. तरी गुळगुळीत चपला नकोत, पट्ट्याचे सँडल घाला.

रिक्षावाल्याक परतीचा आधीच सांगून ठेवा. रस्त्यार हात दाखवलास म्हणजे रिक्षा गावतलीच असा नाय. आणि पाण्यात उतरू नकात. काठ बरो दिसता, पण पाणी खोल आसा.

धागाकर्ती

दोघांचे आभार. फेरी होणार नाही हे आईला सांगितलं. वाटलं होतं रुसेल. तर म्हणाली, "आम्ही तरी खंय पुरी फेरी मारी होतो? देवळाकडसून बांधाच्या टोकाक जायत, नि भूक लागली की परत." म्हणजे गेले सहा महिने जी फेरी फेरी चाललीय ती हीच! मीच त्या स्वित्झर्लंडच्या फोटोंमुळे गोल चक्कर धरून बसले होते.

प्रतिसाद ३

तरीही गोल चक्करच हवी असेल तर सावंतवाडीचा मोती तलाव बघा. 1874 चा, काठाला राजवाडा, शहरातच असल्याने फरसबंद सपाट वाट. गुडघेवाल्यांना त्याहून सोपं काही नाही. शिवाय चितारआळीत लाकडी खेळणी.

धागाकर्ती

याद्या नकोत म्हटलं होतं ना. :) पण नोंद करून ठेवते, पुढच्या खेपेला. या वेळी तिला तिचंच तळं हवंय.

प्रतिसाद १

जेवणाचं राहिलं. देवळाचा परिसर आहे, तेव्हा मासळीचे डबे नकोत. लग्नघरातून घावणे आणि ओल्या खोबऱ्याची चटणी केळीच्या पानात बांधून घ्या. डब्यात घावण्यांना घाम सुटतो आणि ते एकमेकांना चिकटतात, पानात सुटे राहतात. चटणी वेगळ्या पुडीत. पाणी भरपूर न्या आणि पानं-पुड्या सगळं परत आणा. खाऊन झालं की सावलीत आडवं व्हायला एक चटई. झाडीत धनेश ओरडतो तो ऐकायला अर्धा तास गप्प बसायची तयारी हवी, बायनॉक्युलर नसली तरी चालेल.

धागाकर्ती

गप्प बसायचं आईला जमणार नाही, बाकी सगळं ठरलं. रिक्षा अख्ख्या दिवसाची करतेय.

एकच शेवटचं. नेरूरपारच्या पुलावर रिक्षा दोन मिनिटं थांबवतात का? तिला कर्ली नदी बघायची आहे.

प्रतिसाद २

पुलार नको, मागसून गाडये येतत. पूल संपलो की बाजूक घेवक सांगा. थंयसून चलत चार पावला मागे येवा. उतार नाय.